लाकडी चॅसिसची मार्कोस : सुतार, फाउंड्रीवाले, मेकॅनिक, सगळ्यांनी मत द्या

टिळकवाडीकर

नमस्कार मंडळी. आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीत, चार माणसं जमली की गाडी म्हणजे कास्टिंग, फोर्जिंग आणि मशिनिंग. बोलणं त्याच्या पुढं जात नाही. म्हणून आज मुद्दाम अशा गाडीबद्दल लिहितोय, जिची चॅसिस, म्हणजे चाकं-इंजिनचा भार घेणारा सांगाडा, प्लायवूडची होती.

मार्कोस ही इंग्लंडमधली छोटी कंपनी. जेम मार्श आणि फ्रँक कॉस्टिन यांनी १९५९ मध्ये काढली, दोघांच्या आडनावांचे तुकडे जोडून नाव ठेवलं. कॉस्टिन डी हॅविलँड या विमान कंपनीतला एअरोडायनॅमिक्सचा माणूस. लोटस इलेव्हनच्या बॉडीचा आकार त्याचा. १९५८ मध्ये फॉर्म्युला वनमधलं कन्स्ट्रक्टर्सचं पहिलंवहिलं विजेतेपद व्हॅनवॉलनं मिळवलं, त्या गाडीचा आकारही त्याचाच. पहिली मार्कोस दिसायला अगदीच विचित्र, दारं पंखासारखी वर उघडणारी, इंजिन फोर्ड अँग्लियाचं ९९७ सीसी. पण वजन इतकं कमी की शर्यतीत मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना पाणी पाजायची. पुढं तीन वेळा जगज्जेता झालेला जॅकी स्टुअर्ट उमेदवारीच्या काळात मार्कोस चालवत होता.

कॉस्टिन लवकरच बाहेर पडला. मग डेनिस आणि पीटर ॲडम्स या भावांनी नवी गाडी आखली आणि जानेवारी १९६४ मध्ये लंडनच्या रेसिंग कार शोमध्ये ती लोकांपुढं आली. फायबरग्लासची बॉडी, व्होल्वोचं १८०० सीसीचं इंजिन, जमिनीपासून टपापर्यंत उंची जेमतेम साडेतीन फूट. चॅसिस मात्र तशीच लाकडी, प्लायवूडचे ३८६ तुकडे चिकटवून केलेली.

१९६९ मध्ये त्यांनी लाकूड सोडलं आणि चौकोनी पोलादी नळ्यांची चॅसिस घेतली. तर प्रश्न असा आहे : लाकूड कमी पडलं म्हणून सोडलं काय? माझं मत, नाही. ज्यांचा हात रोज या कामात असतो त्यांनी सांगावं.

मोल्डर_उद्यमबाग

सर, लाकूड ते लाकूड. जून लागला की आमच्या घरातलं मागचं दार बसत नाही, दिवाळीला फट पडते. त्याच्यावर इंजिन ठेवून शंभराच्या वर पळायचं म्हणजे धाडसच की. दहा वर्षांत सोडलं म्हणजे अनुभव आला असणार, दुसरं काय.

खानापूरचा_सुतार

मोल्डरदादा, तुमचं दार अखंड फळीचं असणार. फळी रुंदीत फुगते, लांबीत जवळजवळ नाही. झाडाच्या रेषा उभ्या असतात, त्यामुळं पाणी पिऊन ती आडवी वाढते. दार अडकतं ते रुंदीमुळं. कोणत्याही जुन्या दाराची उंची मापून बघा, पावसाळ्यात अन् उन्हाळ्यात सारखीच.

प्लायवूडमध्ये एक पापुद्रा उभा, त्याच्यावरचा आडवा, परत उभा. एक फुगायला बघतो, दुसरा धरून ठेवतो. म्हणूनच पापुद्रे विषम घेतात, तीन, पाच, सात. सम घेतले की एका बाजूला पीळ पडतो.

प्लायची भीती वेगळीच. कड उघडी राहिली तर पाणी कडेतून आत चढतं. वरून रंग कितीही मारा, कड बुजवली नाही तर दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. ती चॅसिस ज्यानं केली त्यानं कडा कशा बुजवल्या होत्या त्याच्यावर सगळं आहे.

मोल्डर_उद्यमबाग

आणि त्या ३८६ तुकड्यांच्या कडा मोजा आता!

शहापूर_प्लायसेंटर

आमच्या धंद्यातला विषय आला म्हणून लिहितोय. दुकानात रोज गिऱ्हाईक विचारतंय, "वॉटरप्रूफ हाय न्हवं?" अन् आम्ही उलट विचारतोय, कुठं लावणार? कारण प्लाय अन् प्लायमध्ये फरक लाकडापेक्षा गोंदाचा जास्त. घरातल्या कपाटाला लागणारी आयएस ३०३ (आयएस म्हणजे भारतीय मानक) ची साधी एमआर, म्हणजे ओलावा सोसणारी, प्लाय बहुतेक युरिया फॉर्मल्डिहाइडवर असते. दमट हवा सोसते, उभं पाणी सोसत नाही. मरीन म्हणजे आयएस ७१०, तिला फिनॉल फॉर्मल्डिहाइड. तिचा नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात आणि तरी पापुद्रा सुटता कामा नये.

एक खूण सांगतो. नुसती कड बघा. मरीनच्या कडेला पापुद्र्यांच्या मधली गोंदाची रेघ काळपट तपकिरी दिसते आणि मध्ये पोकळ जागा नसते. बोटानं कड चाचपत गेलं की पोकळी लगेच कळते, नख आत जातंय. स्वस्तातल्या मालात हमखास सापडते.

त्यामुळं "लाकडी गाडी" ऐकून घाबरण्याआधी कुठली प्लाय आणि कुठला गोंद ते विचारावं. मार्कोसवाल्यांनी मरीन प्लायच वापरली होती असं वाचलंय.

निपाणीचा_अण्णा

पेटली तर? आमच्याकडं तंबाखूच्या वखारीत विडी ओढायला बंदी, आणि हे लाकडावर पेट्रोलची टाकी ठेवतात.

टिळकवाडीकर

अण्णा, वर फायबरग्लास आहे ती पण पेटतेच. पेट्रोलची आग चॅसिसपर्यंत पोचेतो गाडीचं उरलेलं सगळं गेलेलं असतं. जाड लाकूड वरून कोळसा होत जातं, आतला भाग बराच वेळ टिकतो. तरी पातळ प्लायला हा फायदा तेवढा नाही, हे कबूल.

सांबरा_निवृत्त

मी हवाई दलात तांत्रिक शाखेत होतो, आता सांबऱ्याच्या विमानतळाजवळच स्थायिक. या धाग्यावर बोलायचा मला हक्क आहे असं वाटतं, कारण कॉस्टिननं ही कल्पना विमानांतूनच उचलली.

डी हॅविलँडचं मॉस्किटो हे दुसऱ्या महायुद्धातलं लाकडी विमान. पहिलं उड्डाण २५ नोव्हेंबर १९४०. बर्च प्लायच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा, म्हणजे कापसासारखं हलकं लाकूड. असं अंग साच्यावर दोन अर्ध्यांत करायचे. आतली वायरिंग, नळ्या अर्धे उघडे असतानाच बसवायच्या आणि मग दोन्ही अर्धे चिकटवायचे. कामाला फर्निचरचे कारखाने, पियानो करणारे कारागीर लावले होते. सगळी मिळून साडेसात हजारांवर विमानं झाली.

आता मोल्डरदादांच्या मुद्द्याकडं. आपल्या हवेत लाकूड टिकतं का? याचं उत्तर मॉस्किटोनं भारतातच दिलंय आणि ते दोन्ही बाजूंचं आहे. १९४४ च्या पावसाळ्यानंतर भारत-ब्रह्मदेश आघाडीवर काही मॉस्किटोंचे पंख हवेत मोडले. नोव्हेंबरमध्ये विमानं जमिनीवर बसवून तपासली. सुरुवातीची मॉस्किटो केसिन गोंदावर केलेली होती. केसिन म्हणजे दुधातलं प्रथिन, ओल लागली की बुरशी धरतं. पुढं एअरोलाइट नावाचा कृत्रिम रेझिनचा गोंद आला. पहिल्यांदा सगळा दोष हवेला दिला गेला. चौकशी झाली तेव्हा सांधे नीट न बसवल्याचे, बांधणीतले दोषही निघाले.

आणि अजून एक, हे तर आपल्या राज्यातलं. व्हॅम्पायर हे जेट विमान. त्याच्या पुढच्या भागाचं, म्हणजे वैमानिक बसतो त्या भागाचं अंग मॉस्किटोसारखंच प्लाय आणि बाल्साचं. १९४८ पासून ते आपल्या हवाई दलात होतं आणि बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये ते तयारही होत होतं. लाकडी अंगाचं जेट कर्नाटकात बांधलं गेलं, कर्नाटकाच्या पावसाळ्यात उभं राहिलं आणि उडालं. १९६१ च्या गोवा मुक्तीच्या कारवाईतही व्हॅम्पायर होती. सांबऱ्याचा तळ त्या कारवाईत वापरला गेला, हे इथल्या जुन्या लोकांना माहीत आहेच.

चोर्ला_रायडर

सांबरा काका, साष्टांग नमस्कार. लाकडी जेट! मी रोज विमानतळाच्या रस्त्यानं जातो आणि ही गोष्ट आज कळतेय.

जुन्या_गाड्या_कोल्हापूर

बेळगावकरांच्या धाग्यात कोल्हापूरकरानं तोंड घातलं तर चालेल ना? दोन गैरसमज नेहमी ऐकतो, ते इथं येण्याआधीच सांगून टाकतो.

पहिला : "कॉस्टिननं मॉस्किटो बनवलं." नाही. तो त्या कंपनीत नंतर होता, उड्डाण-चाचण्यांच्या एअरोडायनॅमिक्सवर. मॉस्किटोच्या आराखड्याचं श्रेय त्याला देऊ नये, त्या लाकूडकामाचा संस्कार त्याच्यावर झाला एवढं म्हणावं. त्याचा भाऊ माइक कॉस्टिन आणि हा फ्रँक यांच्यातही गल्लत होते. माइकनं कीथ डकवर्थबरोबर १९५८ मध्ये कॉसवर्थ काढली, इंजिनवाली.

दुसरा : "मॉर्गनची चॅसिसपण लाकडी असते." मॉर्गनची चॅसिस धातूची. ॲश लाकडाची चौकट असते ती बॉडीची, तिच्यावर पत्रा मढवतात. लाकडी चौकटीवर बॉडी ही जुनी, सर्वसाधारण पद्धत, घोडागाडी करणाऱ्या कारागिरांकडून आलेली. मार्कोसचं वेगळेपण हे की चाकांचा, इंजिनचा सगळा भार प्लायवर. सस्पेन्शन जिथं बसतं तिथं लोखंडी पट्ट्या आहेत, पण त्या शेवटी लाकडालाच धरलेल्या.

मेघा_स्ट्रक्चरल

आता आकडे. मी नोकरीनं पुलांची डिझाइन करते, आणि इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शनिवारी मुलांना शिकवते.

पोलादाची घनता ७.८५, चांगल्या बर्च प्लायची साधारण ०.७. म्हणजे १ मिमी पोलादी पत्र्याच्या वजनात तुम्हाला ११ मिमी जाडीची प्लाय मिळते. पोलाद प्लायपेक्षा वीसेक पट ताठ आहे, खरं आहे. पण पत्रा वाकण्याला जो विरोध करतो तो जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ११ चा घन १३३१. वीसनं भागा. त्याच वजनात प्लायची फळी वाकायला साठपट जड. पातळ पत्रा दाबला की सुरकुततो, ही प्लाय सुरकुतत नाही.

दुसरी गोष्ट पीळ. चॅसिसचा खरा शत्रू पीळ आहे. एक चाक खड्ड्यात, दुसरं वर, की गाडीचं अंग पिळवटतं. उघड्या सी आकाराच्या पट्टीला पीळ सोसत नाही, बंद पेटीला सोसतो. बुटाचा खोका झाकणाशिवाय हातात धरून पिळा, आणि मग झाकण चिकटवून पिळा. मार्कोसची चॅसिस म्हणजे अशा बंद पेट्या एकमेकींना चिकटवलेल्या. दोन्ही बाजूंना लांब पेट्या, मधून बोगदा, पुढं-मागं आडव्या भिंती. ३८६ तुकडे ते याच्यासाठी. त्यात पातळ बाजू, कोपऱ्यातल्या पट्ट्या, आतले आडवे पडदे सगळं आलं.

तिसरी, थकवा. वेल्डिंगच्या टोकाला लोखंडात बारीक चीर सुरू होते आणि रोजच्या धक्क्यांनी वाढत जाते. चिकटवलेल्या सांध्यात ताण एका बिंदूवर न येता लांबवर पसरतो. लाकूड थरथरही शोषून घेतं.

त्यामुळं "लाकूड कमकुवत" हे कारण माझ्याकडून बाद. सुताराच्या हातानं नीट चिकटवलेली प्लायची पेटी ही गंभीर इंजिनिअरिंगची वस्तू आहे.

मोल्डर_उद्यमबाग

ताई, आकडे पटले. खरं एक विचारतो. आमच्याकडं कास्टिंग एकसारखं येतं, एकदा बॉक्स भरला की शंभर नग सारखे. तिकडं ३८६ तुकडे रोज कोण चिकटवणार? एखाद्या सोमवारी माणूस कंटाळलेला असतोय, गोंद कमी लागतोय, बाहेरून काय दिसत नाही. वेल्ड तरी डोळ्यानं दिसतं.

पॅटर्न_मेकर_बेळगाव

मोल्डर, तुझं कास्टिंग एकसारखं येतं ते आमच्या लाकडामुळं रे!

बाकीच्यांसाठी सांगतो. बेळगावच्या फाउंड्रीत लोखंड ओतायच्या आधी वाळूत जो साचा उठवतात तो पॅटर्नवर, म्हणजे वस्तूच्या नमुन्यावर. ॲल्युमिनियमचे अन् रेझिनचे पॅटर्न आता आलेत, पण माझे वडील अन् मी जन्म घालवला तो सागवानात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरला सुमारे १० मिमी आकसतं, म्हणून आमची पट्टीच वेगळी असते, तेवढी वाढवून आखलेली. त्या पट्टीवर माप घ्यायचं, धारेला ढाळ द्यायचा म्हणजे वाळू न मोडता पॅटर्न वर येतो, कोपऱ्यात मेणाची किंवा चामड्याची गोलाई भरायची. सांधा असा जुळवायचा की रेघेवरून नख फिरवलं तरी अडकू नये. मोल्डिंगची वाळू ओली असते, पॅटर्न रोज त्या ओलीत जातो, वर ठोकून घट्ट करतात. सांधा कच्चा असला तर आठवड्यात उकलतो आणि कास्टिंगच्या अंगावर उकललेली रेघ उमटते.

तेव्हा ओल, ठोके, माप, हे सगळं लाकूड सोसतं. मी पॅटर्न दोन थरांत करताना रेषा उलटसुलट ठेवतो, वरचं खानापूरच्या सुतारानं सांगितलेलं कारण तेच. मरीन प्लायची चॅसिस कर म्हणून कोणी ड्रॉइंग आणून दिलं तर मी भिणार नाही. वेळ मात्र मागून घेईन. गोंद लावला की शिकंजात आवळून ठेवायचं आणि वाळेपर्यंत हात लावायचा नाही. घाई केली की सांधा "उपाशी" राहतो, जास्त आवळला तरी गोंद बाहेर पळतो अन् उपाशीच. किती आवळायचं ते हाताला कळतं. ते पुस्तकात लिहून देता येत नाही, पोराच्या हातावर हात ठेवून शिकवावं लागतं.

मोल्डरचा सोमवारचा मुद्दा मात्र खरा आहे. उपाशी सांधा बाहेरून भरल्यासारखाच दिसतो.

खानापूरचा_सुतार

काका, नमस्कार. शेवटचा परिच्छेद वाचून माझ्या उस्तादांची आठवण झाली.

गोकाक_फॉल्स

मूळ विषय सोडून विचारतो, आपल्या कर्नाटकात अशी छोटी कंपनी झाली नाही काय?

जुन्या_गाड्या_कोल्हापूर

झाली की. बंगळूरची सिपानी. आधी तीन चाकांची बादल, मग १९८२ च्या सुमारास डॉल्फिन, इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून घेतलेली. फायबरग्लासची बॉडी, ८४८ सीसीचं ॲल्युमिनियमचं इंजिन, दोन दारं. वजन कमी म्हणून शर्यतीवाल्या पोरांची लाडकी. पण तोवर मारुती ८०० आली आणि बाजार फिरला. नंतर सॅन मोटर्सची स्टॉर्म, दोन सीटची, उघड्या टपाची, तीही फायबरग्लासची, इंजिन रेनॉचं.

सगळ्या छोट्या कंपन्या फायबरग्लासकडं का वळतात, तर पत्र्याची डाय करायला मोठं भांडवल लागतं. फायबरग्लासचा साचा शेडमध्ये करता येतो. मार्कोसचंही तेच गणित, बॉडी फायबरग्लासची आणि चॅसिस प्लायची. दोन्हीला प्रेस लागत नाही.

चोर्ला_रायडर

साडेतीन फूट उंचीची गाडी घेऊन चोर्ला घाटात कणकुंबीच्या पुढं उतरलात तर पहिल्याच वळणावर ट्रकवाल्याला तुम्ही दिसणारच नाही. आणि जांबोटीच्या स्पीडब्रेकरवर पोट घासेल ते वेगळं. तरी मिळाली तर एकदा चालवीन, पहाटे, ट्रक सुरू व्हायच्या आधी.

आत बसायचं कसं?

टिळकवाडीकर

जवळजवळ झोपून. सीट चॅसिसलाच पक्की, हलत नाही. उंच माणूस असो की ठेंगू, पेडलची चौकटच पुढं-मागं सरकवायची, त्यासाठी डॅशवर फिरकी. जेम मार्श स्वतः चांगला उंच होता, त्यामुळं पाय लांब करायला जागा आहे. सीट हलत नसल्यामुळं तीही अंगाच्या बांधणीत धरता आली आणि गाडी इतकी खाली बसवता आली.

निपाणीचा_अण्णा

शर्यतीचं काही सांगा की. स्टुअर्टचं नाव घेऊन पुढं गेलात.

जुन्या_गाड्या_कोल्हापूर

अण्णा, सगळ्यात भारी गोष्ट मिनी मार्कोसची. ही लाकडी नाही, मुद्दाम सांगतो. पूर्ण फायबरग्लासचं कवच आणि त्याला मिनीचं इंजिन, मिनीचीच चाकं. १९६६ च्या ल मानच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फ्रान्सच्या मंडळींनी एक उतरवली, चालक मार्ना आणि बॅलो-लेना. त्या वर्षी पहिल्या तीन नंबरांत फोर्डच्या जीटी४० आल्या, सात लिटरच्या. आणि एवढीशी मिनी मार्कोस पंधरावी. शेवटपर्यंत टिकलेली ती एकटी ब्रिटिश गाडी. बाकीच्या ब्रिटिश गाड्या वाटेत थांबल्या आणि शेडमध्ये केलेली ही रात्रभर पळत राहिली.

तीच गाडी १९७५ मध्ये चोरीला गेली. चाळीस वर्षं पत्ता नाही. २०१६ च्या शेवटी पोर्तुगालमध्ये नुसता सांगाडा सापडला. माझ्यासाठी जुन्या गाड्यांच्या छंदाचं सगळं मोल या एका बातमीत आहे.

लाकडाचंच म्हणाल तर १९६८ मध्ये त्यांनी मँटिस एक्सपी नावाची शर्यतीची एकच गाडी केली, तीही प्लायवूडच्या अंगाची, मागं ब्रॅबॅमवाल्यांचं रेप्को व्ही-८. बेल्जियममधल्या स्पाच्या हजार किलोमीटरच्या शर्यतीत धो धो पाऊस. लाकडाला काही झालं नाही. विजेच्या जोडण्यांत पाणी शिरलं आणि गाडी थांबली.

मोल्डर_उद्यमबाग

म्हणजे पावसात लाकूड टिकलं अन् वायर गेली. 😄 बरं, आता मूळ प्रश्नावर या. सोडलं का मग?

टिळकवाडीकर

आता माझं म्हणणं नीट मांडतो.

१९६४ ची गाडी करायला महाग होती. मागं डी डिऑन पद्धतीचं गुंतागुंतीचं सस्पेन्शन होतं, ते काढून साधा ॲक्सल घातला. व्होल्वोचं इंजिन महाग, म्हणून १९६६ मध्ये फोर्डचं घेतलं. एकेक महागडी गोष्ट काढत गेले. गाडी सुट्या भागांत विकायचे, घरी जोडून घ्यायची, कारण तशी घेतली की इंग्लंडात खरेदी कर लागत नव्हता. म्हणजे गिऱ्हाईकही पैसे मोजून घेणारं. या यादीत शेवटी चॅसिसची पाळी आली. पॅटर्न काकांनी सांगितलं तसं, गोंद वाळायला वेळ द्यावाच लागतो आणि अनुभवी हात लागतो. पोलादी नळ्या जिगमध्ये, म्हणजे माप धरून ठेवणाऱ्या चौकटीत, आवळल्या की वेल्डर दिवसात सांगाडा उभा करतो. त्याच सुमारास फोर्डचं तीन लिटरचं जड व्ही-६ इंजिनही येत होतं. आणि शोरूममध्ये "लाकडी आहे म्हणे" हे वाक्य रोज खोडून काढावं लागत असणार, निदान अमेरिकेत तरी.

आता पुढचं बघा. १९६९ ला पोलाद आलं. १९७१ ला कंपनी बंद पडली. अमेरिकेला पाठवलेल्या गाड्या तिथल्या धुराच्या नियमांत अडकल्या, वेस्टबरीला नवा कारखाना घेतला त्याचा बोजा, आणि चार सीटची नवी मँटिस काढली ती सगळी मिळून ३२ च झाली. पैसा अडकला आणि संपला. पोलादी चॅसिसनं कंपनी वाचवली नाही. लाकडानं ती बुडवलीही नव्हती. मार्शनं १९८१ मध्ये पुन्हा सुरू केली, तो वेगळा अध्याय.

लाकूड सोडलं ते मजुरीच्या हिशेबानं. वस्तू म्हणून ते उणं नव्हतं.

मोल्डर_उद्यमबाग

हिशेब म्हणजे पण इंजिनिअरिंगच सर. जे परवडत नाही ते डिझाइन अपुरंच. माझं मत तेच राहणार.

मेघा_स्ट्रक्चरल

मोल्डरदादांच्या या वाक्याशी मी अर्धी सहमत. शंभर गाड्यांसाठी प्लाय परवडते, हजारांसाठी नाही. मार्कोस कधी हजारांची कंपनी नव्हतीच. तिनं हजारांच्या कंपनीसारखं वागायला सुरुवात केली, वेस्टबरी, अमेरिका, चार सीट, तिथं गणित फिरलं.

सांबरा_निवृत्त

ज्यांच्याकडं आज लाकडी चॅसिसची मार्कोस आहे ते ती कशी तपासतात याबद्दल. विमानातली पद्धत तीच. लाकडी मुठीनं किंवा बोटाच्या पेरानं टकटक करत जायचं. निरोगी जागी टणक, स्वच्छ आवाज, कुजलेल्या किंवा सुटलेल्या जागी बद्द. सस्पेन्शनच्या बोल्टभोवती आणि चाकांच्या मागच्या कोपऱ्यात आधी बघायचं, चिखल-पाणी तिथं साचतं. खराब तुकडा कापून नवीन बसवताना सरळ जोड कधी देत नाहीत. तिरका सांधा, जाडीच्या आठ ते बारा पट लांब उतार, म्हणजे गोंदाला धरायला जागा मिळते. गंजलेली नळी बदलण्यापेक्षा हे काम सोपं आहे, घरच्या शेडमध्ये होतं.

गोकाक_फॉल्स

एवढी चर्चा झाली, आता कोणीतरी करून दाखवा.

मेघा_स्ट्रक्चरल

तेच सुचवणार होते. माझ्या शनिवारच्या मुलांकडून चॅसिसच्या एका बाजूच्या पेटीचा मीटरभर लांबीचा नमुना करून घ्यायचा. एक प्लायचा, एक त्याच वजनाचा पोलादी पत्र्याचा. दोन्ही एका टोकाला घट्ट धरून दुसऱ्या टोकाला पीळ द्यायचा आणि कोन मोजायचा. पॅटर्न काका, चिकटवणं तुम्ही शिकवाल का? मोल्डरदादा, पत्र्याची पेटी तुमच्याकडून.

पॅटर्न_मेकर_बेळगाव

येतो. पोरांना म्हणावं हात धुऊन, तेल न लावता यावं, तेलकट बोट लागलं तर तिथं गोंद धरत नाही. शिकंजे माझ्याकडं आहेत, नेऊन आणून द्यायची जबाबदारी त्यांची.

मोल्डर_उद्यमबाग

पत्रा माझा. वेल्डर पण चांगला देतो, नंतर म्हणाल लोखंडावर अन्याय झाला. वजन करताना दोन्ही पेट्या माझ्यासमोर काट्यावर ठेवायच्या.

खानापूरचा_सुतार

कडा बुजवायला मी येतो. आणि नमुने तपासायच्या आधी एक प्लायची पेटी पंधरा दिवस आमच्या परड्यात उघड्यावर ठेवू. खानापूरच्या पावसाहून कडक परीक्षा कुठली मिळणार?

शहापूर_प्लायसेंटर

मेघाताई, ३ मिमीची मरीन सध्या दुकानात नाही, मागवावी लागेल. ४ मिमीची आयएस ७१० आहे, ती चालेल काय? चालत असेल तर प्लायची दोन शीट बाजूला काढून ठेवतो, कॉलेजच्या कामाला पैसे नकोत.

मेघा_स्ट्रक्चरल

४ मिमी चालेल मामा, पत्र्याची जाडी त्या वजनाला जुळवून मोल्डरदादांना कळवते. कापून मात्र देऊ नका, रेषांची दिशा बघून काकाच कापतील.